१२.५० मधलं शेवटचं शून्य सार्थ अंक धरायचं का? आणि २५०० मध्ये सार्थ अंक किती?

१२.५० मध्ये चार. सार्थ अंक म्हणजे मापातले खरोखर बघून लिहिलेले, भरवशाचे अंक. शून्य धरायचंच. तुमचे क्लासचे सर म्हणतात की शून्याने किंमत बदलत नाही, लिहा नाहीतर सोडा. गणिताच्या तासाला हे चालेल, प्रयोगशाळेत साफ चूक. १२.५ लिहिणारा दशांशाच्या दुसऱ्या घराबद्दल काहीच बोलत नाही. १२.५० लिहिणारा म्हणतो, मी बघितलं, तिथे शून्यच होतं.

‘तेच ते’ म्हणणाऱ्यांशी मी नोकरीभर भांडले, म्हणून जरा लांबण लावते.

कोकणातल्या एका एमआयडीसीत, बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांचं मूळ द्रव्य बनवणाऱ्या कंपनीत मी क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या लॅबला होते. स्पेसिफिकेशनमध्ये ॲसे, म्हणजे मालातलं औषधाचं प्रमाण, ९८.० ते १०२.० टक्के. महिनाअखेर, गाडी गेटवर उभी, आणि बॅचचा ॲसे आला ९७.८. प्रॉडक्शनचे साहेब स्वतः लॅबमध्ये हजर.

“मॅडम, राउंड करा ना. ९७.८ म्हणजे ९८च.”

मी कागद पुढे सरकवला. “इथे ९८ नाहीये, ९८.० आहे.”

“तेच ते हो!”

कसं तेच? मर्यादा ज्या घरापर्यंत दिलेली असते, निकाल त्याच घरापर्यंत राउंड करायचा, फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथाची, रीतच ती. मर्यादा नुसती ९८ असती तर ९७.५ सुद्धा पास झालं असतं. ९८.० असली की ९७.९५ च्या खालचं सगळं नापास.

मग साहेबांनी दुसऱ्या ॲनालिस्टला टायट्रेशन परत लावायला सांगितलं (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते वाचायचं; जास्त लागलं की ॲसे जास्त) आणि त्याच्या मागे येऊन उभे राहिले. रंग बदलला, पोराने ब्युरेटची तोटी बंद केली, तरी यांचं सुरूच, “अजून एक थेंब बघ, नीट बदलला नाहीये.” आता गंमत पाहा. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. रीडिंग साडेचोवीस मिलीच्या आसपास असेल तर तो एक थेंब होतो ०.२ टक्के. म्हणजे ९७.८ चं ९८.० बरोबर एका थेंबात! शेवटच्या अंकाला किंमत नाही म्हणणाऱ्या माणसाला त्याची किंमत थेंबापर्यंत पाठ होती. पोरगं बधलं नाही. परत ९७.८. गाडी रिकामी गेली आणि प्रॉडक्शनमध्ये माझं नाव ‘शून्यबाई’ पडलं. पडू दे.

हां, तुमचं २५००. नुसतं लिहिलं तर दोन, तीन की चार हे कळायला मार्ग नाही. परीक्षेत बहुतेक दोन धरतात. २.५०० × १०³ लिहा, चार झाले, वाद मिटला. एव्हरेस्टची उंची १८५६ साली २९,००२ फूट जाहीर झाली; हिशेब बरोबर २९,००० आला होता, पण लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले, असं सांगतात. मला हा उपाय अजिबात पटत नाही. खरं शून्य झाकायला खोटा दोन कशाला?

सगळीकडे हाच नियम लावत सुटू नका मात्र. एकेक नग मोजून आलेल्या संख्यांना, म्हणजे १२ गोळ्या, ३ नमुने, सार्थ अंकांची भानगडच नाही. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, लॉगॅरिदम असल्यामुळे ७.४० मध्ये सार्थ अंक दोनच, दशांशानंतरचे; आधीचा ७ नुसता दहाचा घात सांगतो. आणि एक्सेल १२.५० टाकलं की गुपचूप १२.५ करतं, सेलला दोन दशांश लावून ठेवा.

सरांशी वाद घालायचा तर त्यांना एवढंच विचारा, मर्यादा ९८.० असताना ९७.८ च्या बॅचवर तुम्ही सही कराल का? आमच्या साहेबांनी केली असती. ९७.९५ आलं असतं तर मीही केली असती, एका मिनिटात, आणि गाडीही थांबली नसती.