ग्रुपवरची माफी पुरे झाली, ताई

पत्र, थोडक्यात : माझं माहेर खानापूर, सासर बेळगाव. आम्ही दोघी जावा एकाच चर्चमध्ये जातो. तीन महिने झाले, धाकटीनं माझ्याशी बोलणं टाकलंय. मी नेहमी मागच्या बाकावर बसते, प्रीतिभोजनानंतर भांडी घासायला आधी मी उठते, वाद झाला की माफीही मीच मागते. या खेपेला तर फॅमिली ग्रुपवर सगळ्यांदेखत मागितली. तिनं वाचलं, उत्तर दिलं नाही. ती बैलहोंगलची, शाळा कन्नड. शास्त्रवाचनात अडखळली की मी बाकावरूनच शब्द सांगते, तिच्याच भल्यासाठी. हल्ली ती वाचायला उभीच राहत नाही. पूर्वी लाइट बिल तिच्याकडून वाचून घ्यायचे, आता शेजाऱ्यांकडे जावं लागतं. प्रभूनं नम्र व्हायला सांगितलंय, पण आणखी किती वाकायचं?

ताई, जय ख्रिस्त.

बाक, भांडी, माफी सगळं घटकाभर बाजूला ठेवू. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात : हल्ली ती वाचायला उभीच राहत नाही. मला त्याच्या पुढे जाता येईना.

कन्नड शाळेत शिकलेली मुलगी लग्न होऊन मराठी घरात आली, मराठी उपासनेत बसू लागली आणि एक दिवस भरल्या मंडळीसमोर मराठी बायबल हातात घेऊन उभी राहिली. त्याला काय धैर्य लागतं! ‘नबुखद्नेस्सर’ समोर आला की मराठी शाळेत शिकलेल्यांचीही जीभ अडते. ती अडली की मागून थोरल्या जावेचा आवाज. मागच्या बाकावरून सांगितलेला शब्द पुढे पोचतो तो मधल्या सगळ्या बाकांना ऐकू जाऊनच. तिचं भलं करायचं होतं, तर शनिवारी संध्याकाळी दोघींनी मिळून उतारा एकदा वाचून घेतला असता. तसं तुम्ही केलं नाहीत.

उलट तिनं तुमचं हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, कन्नड बिल वाचून दिलं. ‘अक्का, बेळगावात राहून तुम्हाला कन्नड वाचता येत नाही?’ असं ती एकदा तरी चारचौघांत म्हणाली का? म्हणाली असती तर पत्रात पहिल्याच ओळीत आलं असतं.

नम्रतेवर बोलायचं म्हटलं की आपण फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढतो : ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभाच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. प्रेषित पौलानं हे फिलिप्पैच्या मंडळीला कैदेतून लिहिलं. त्याच पत्राचा चौथा अध्यायही वाचा. तिथं दोन बायकांची नावं आहेत, युवदीया आणि सुंतुखे. दोघीही सुवार्तेसाठी पौलाच्या बरोबरीनं झटलेल्या, आणि दोघींचं आपसात बिनसलेलं. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो की एकचित्त व्हा. चूक कोणाची, ते तो लिहीत नाही. मला नेहमी वाटतं, ते पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा दोघी तिथंच बसलेल्या असतील.

दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना, असं ते पत्र सांगतं. भांडी कुणालाही श्रेष्ठ न मानता घासता येतात, आणि तुम्ही ती तशीच घासत आलात. रागावू नका, पण हे तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. धाकटी तुमच्याहून कशात श्रेष्ठ आहे, हे शोधायला लांब जायला नको. तिला दोन लिप्या वाचता येतात, तुम्हाला एक.

तेव्हा ग्रुपवर आता काही लिहू नका. कन्नड बायबल विकत घ्या आणि येत्या शनिवारी तिच्या दारात जा. म्हणा, ‘तुझं वाचन माझ्यामुळे बंद पडलं. मला हे वाचायला शिकव.’ एवढंच बोला. तुमचा हेतू काय होता, ते सांगत बसू नका.

मराठीचा अभिमान सोडा, असं मी म्हणत नाही. १९५६ पासून सीमाभागातल्या आपल्या माणसांनी भाषेसाठी काय सोसलंय, ते मी जाणते. पण ते भांडण जावेच्या उंबऱ्यावर कशाला न्यायचं? आणि बेळगावात लंडन मिशनचं काम उभं करणारे जोसेफ टेलर १८२० साली आले, ते बेल्लारीहून. म्हणजे ते कामसुद्धा कानडी मुलखातूनच आपल्याकडे आलं.

तिनं दार लावून घेतलं, तर पुढच्या शनिवारी परत जा. शिकवायला बसली, तर अक्षरओळखीपासून बसा. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. आपल्या मराठी जिभेला तो फरक लवकर सापडत नाही, तिथं तुम्ही चुकणार. घरात मुलं असली तर हसतील, हसू द्या. तिनं ‘अक्का, परत म्हणा’ म्हटलं की परत म्हणा.