विंड टनेलमध्ये ड्रॅग वाढतो, तरी होंडाजेटची इंजिनं पंखावर का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तुमच्या कॉलेजच्या विंड टनेलमध्ये (वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्यात) होंडाजेटसारखं, म्हणजे होंडाच्या छोट्या बिझनेस जेटसारखं मॉडेल ठेवलं, पंखावर इंजिनं बसवली आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मग होंडाने असं का केलं, हा तुमचा प्रश्न. मी हिंजवडीत विमानाच्या भागांचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करतो. होंडाशी माझा काही संबंध नाही, पण हे विमान माझ्या आवडीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं मोजमाप बहुधा बरोबरच आहे. पण ही कल्पना मुळात ड्रॅग वाचवायला निघालेली नाही, ती निघाली जागेसाठी. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणारी उद्योगपतींची छोटी जेट पाहा, जवळजवळ सगळ्यांची इंजिनं शेपटीजवळ दिसतील. एवढ्या बुटक्या विमानात पंखाखाली इंजिन टांगलं तर ते धावपट्टीला टेकायला येतं, आणि लँडिंग गिअर उंच करावं तर वजन वाढतं. म्हणून १९६३ साली उडालेल्या लिअरजेट २३ पासून हीच पद्धत रुळली. पण शेपटीजवळच्या इंजिनांचा भार पेलायला फ्यूजलाजमधून, म्हणजे विमानाच्या धडातून, आडवा सांगाडा न्यावा लागतो. होंडाजेट सगळं मिळून १३ मीटर लांब. त्यात नेमकी टॉयलेट आणि सामानाची जागा असते तिथेच हा सांगाडा येणार, म्हणजे वन बीएचकेच्या हॉलमध्ये मधोमध बीम यावा तसं. वर इंजिनांचा आवाज आणि थरथर त्याच वाटेने केबिनमध्ये शिरते.

होंडाने विमान संशोधन १९८६ मध्ये सुरू केलं. मिचिमासा फुजिनो हे त्यातले तरुण इंजिनिअर. मिसिसिपी राज्य विद्यापीठाबरोबर केलेलं त्यांचं एमएच०२ हे प्रायोगिक विमान १९९३ मध्ये उडालं, आणि त्याचीही इंजिनं पंखाच्या वरच होती. पुढे विकायच्या विमानाचा विचार सुरू झाल्यावर फुजिनोंनी एका रात्री कॅलेंडरच्या पानामागे आजच्या रचनेचं चित्र काढलं, असं ते स्वतः सांगतात. तेव्हाचं सर्वसाधारण मत मात्र असं होतं की पंखाच्या वरची बाजू ही सगळ्यात नाजूक जागा, तिथे काही ठेवू नये.

आता तुमच्या टनेलकडे येऊ. होंडाजेटचा कमाल क्रूझ वेग ४२२ नॉट, म्हणजे ध्वनिवेगाच्या सुमारे ७२ टक्के. पण पंखाच्या वरून जाणारी हवा विमानापेक्षा जोरात पळते, आणि या वेगांच्या आसपास ती काही भागात ध्वनिवेग ओलांडते. तिथे शॉक वेव्ह, म्हणजे हवेच्या दाबाची अचानक उडी, तयार होते आणि तिच्यामुळे येणारा वेव्ह ड्रॅग एकदम चढतो. इंजिनाचं नेसेल (बाहेरचं आवरण) चुकीच्या जागी ठेवलं तर नेसेल आणि पंख यांच्यातल्या अरुंद वाटेत हवा आणखी वेग घेते आणि शॉक जास्तच तीव्र होतो. लोकांची भीती हीच होती. फुजिनोंच्या गटाला उलटं दिसलं. नेसेलसमोर हवेचा दाब वाढतो, हवा मंदावते. नेसेल पंखाच्या मागच्या भागावर योग्य ठिकाणी आणि योग्य उंचीवर बसवलं तर हीच मंदावलेली हवा पंखावरचा शॉक सौम्य करते. हे त्यांनी बोइंगच्या ट्रान्सॉनिक, म्हणजे ध्वनिवेगाजवळच्या, विंड टनेलमध्ये तपासलं.

म्हणजे हा फायदा फक्त ध्वनिवेगाजवळ मिळतो. कॉलेजच्या टनेलमध्ये हवा त्याच्या आसपासही जात नाही, शॉकच नाही तर सौम्य काय करणार? तिथे तुम्हाला फक्त नेसेल आणि पायलॉनचं (इंजिन पंखाला जोडणाऱ्या खांबाचं) घर्षण आणि जोडावरचा गोंधळ दिसतो.

फुकट काहीच मिळालं नाही. पंखावर जड इंजिन आलं की फ्लटरचं, म्हणजे हवेमुळे पंख थरथरत सुटण्याचं, सगळं गणित बदलतं, आणि हा माझ्या कामाजवळचा भाग असल्याने सांगतो, शॉकपेक्षा मला हेच जास्त धाडसाचं वाटतं. पंखासाठी लॅमिनार फ्लो एअरफॉईल (हवा गुळगुळीत सरकू देणारा पंखाचा छेद) घेतलं, त्याची चाचणी एका टी-३३ विमानावर प्रत्यक्ष उडवून केली. पृष्ठभाग गुळगुळीत राहावा म्हणून पंखाचं आवरण अ‍ॅल्युमिनियममधून मशीन करून काढलं. फ्यूजलाज मात्र काँपोझिट (धागे आणि रेझिनचं). पहिलं उड्डाण डिसेंबर २००३, अमेरिकेचं प्रमाणपत्र डिसेंबर २०१५. बारा वर्षं! शिवाय जीई या इंजिन कंपनीबरोबर केलेलं एचएफ१२० हे इंजिनही नवंच. नव्या इंजिनाच्या भरवशावर विमान आखणं किती महागात पडतं ते इक्लिप्स ५०० या छोट्या जेटने दाखवलं. पहिलं इंजिन जमलं नाही, ते बदलावं लागलं, आणि २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

सेसना आणि एम्ब्राएर या वर्गात अजून इंजिनं शेपटीजवळच ठेवतात. त्यात मला भित्रेपणा दिसत नाही. पंखावरच्या इंजिनांची रचना नंतर जोडता येत नाही, सगळं विमान तिच्याभोवतीच आखावं लागतं.

तुमच्या प्रोजेक्टसाठी: टनेलचे आकडे फेकू नका, ते कमी वेगाची किंमत दाखवतात. सीएफडीमध्ये (संगणकावर हवेचा प्रवाह काढण्याच्या पद्धतीत) ०.६० ते ०.७५ माखपर्यंत (१ माख म्हणजे ध्वनिवेग) रन लावा, नेसेल पुढे-मागे आणि वर-खाली सरकवून पाहा, आणि प्रत्येक वेळी नेसेल नसलेल्या नुसत्या पंखाशी तुलना करा. मेश (हिशोबाची जाळी) शॉकच्या जागी बारीक ठेवा, नाहीतर जो फरक शोधताय तोच पुसला जाईल.