मतामागची नोट येते कुठून?

आमच्या गावात मतामागे पैसे वाटतात आणि लोक घेतात. मग कारभार वाईट म्हणून रडायचं कशाला? दोष मतदाराचाच ना? (एक वाचक, सांगली)

घेणं चूकच. कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. पण ती नोट आली कुठून, हेही विचारा. महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. रात्री वाटलेली पाकिटं तर कुठल्याच हिशेबात येत नाहीत. ती भरणारा पैसे सोडून देत नसतो, पेरत असतो. उगवलेलं पीक पुढे टेंडरांत दिसतं. मतदार पाचशे रुपयांत पाच वर्षं विकतो आणि विकत घेणारा ती रक्कम कितीतरी पटीने वसूल करतो. माझ्या हिशेबात दोघांचा दोष सारखा नाही.

निवडणूक रोखे रद्द झाले. आता तरी देणगीदार उघडे पडले का? (एक वाचक, नाशिक)

अर्धेच. बँकेतून रोखे विकत घ्यायचे आणि नाव गुप्त ठेवून पक्षाला द्यायचे, अशी जानेवारी २०१८ मध्ये आलेली ही योजना सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. तोवर स्टेट बँकेतून सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. सर्वाधिक रक्कम भाजपला मिळाली. पण विरोधकांनीही हात आखडता घेतला नव्हता. यादी जाहीर झाली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार निघाली एक लॉटरी कंपनी!

मला जास्त खटकलं ते वेगळंच. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही जुनी अट २०१७ मध्ये काढली होती. म्हणजे तोट्यातली कंपनीही खुशाल देणगी देऊ शकत होती. स्वतःचा गाडा ओढता येत नाही, ती पक्षाला कोट्यवधी कशापायी देते? कोर्टाने ती दुरुस्तीही रद्द केली. तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीत नाव जाहीर करावं लागत नाही, ही फट आहेच. सहा वर्षं जे मतदारापासून लपवलं, त्याचा जाब मतदाराला विचारणं मला पटत नाही.

शहरी सुशिक्षित मतदानाला जात नाहीत, त्यांचं काय? (एक वाचक, मुंबई)

त्यांची बाजू मी घेणार नाही. सुट्टी जोडून महाबळेश्वर गाठणाऱ्यांनी खड्ड्यांवर बोलू नये. मात्र तुमच्याच मुंबईत महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची. त्या काळातल्या कारभाराला मतदार कसा जबाबदार?

‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) दाबून काही होतं का? (एक वाचक, लातूर)

तुमच्याच लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला ‘नोटा’ २७ हजारांहून अधिक मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. निकाल बदलला नाही. विधानसभेला ‘नोटा’ पहिला आला, तरी त्याच्याखालचा उमेदवारच निवडून येतो.