एमबीएचा फॉर्म भरण्याआधी एका डिस्चार्जच्या मागे चाला

डॉक्टर, घणसोलीच्या ५० खाटांच्या रुग्णालयात ८ वर्षं आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) होतात, आता मालकांनी ॲडमिनिस्ट्रेटर केलंय, तर एमबीए करावं का, असं विचारलंयत. ठाणे आणि वाशीत मिळून माझी २६ वर्षं याच खुर्चीत गेली, म्हणून सांगतो: एवढ्यात नको.

महिनाभर रोज एका पेशंटची फाइल धरा. राउंडला सर "आज सोडा" म्हणाले तिथपासून नातेवाईक रिक्षात बसेपर्यंत, प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत लिहा. डिस्चार्ज समरी, म्हणजे आजार-उपचारांचा सारांश, कोण लिहितं, उरलेली औषधं फार्मसीत कधी परत जातात, लॅबची शेवटची एंट्री कुठे अडकते. कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्या, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना बजावलंय. पण ते ३ तास आपली विनंती गेल्यावर सुरू होतात! आमच्याकडे मोजलं, तर फाइल आमच्याच टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) पोचायलाच ४ तास लागत होते. शिव्या मात्र टीपीएला. खरं कारण म्हणजे सर्जन राउंड आटोपून दुसरीकडे ऑपरेशनला जायचे आणि समरीवर सही दुपारी व्हायची.

मी फर्मान काढलं: समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळीच तयार हवा. आठवड्यात ते बासनात गेलं. संध्याकाळी ड्युटी बदलते, सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर देण्यात गुंतलेल्या असतात आणि आरएमओ एकटाच असतो, हे मेट्रनबाईंना आधी विचारलं असतं तर कळलं असतं. नंतर त्यांनीच वेळ सुचवली, दुपारी ३ ची, आणि गाडं रुळावर आलं. तुम्ही आरएमओ होतात, हे तुम्हाला माझ्याआधी दिसेल. अडचण वेगळीच येईल: कालपर्यंत ज्यांना 'सर' म्हणत होतात, त्यांना आज सहीसाठी थांबवायचं. हे कुठल्याच कोर्सात नीट शिकवत नाहीत.

शिकवणी लावायचीच तर हिशेबाची लावा. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पॅकेजचा दर ठरलेला असतो, पण त्या ऑपरेशनला आपला खर्च किती येतो हे बऱ्याच लहान रुग्णालयांना सांगता येत नाही. ओळखीच्या कॉस्ट अकाउंटंटसोबत चार रविवार बसलात तरी पुष्कळ.

कायद्याचं काम तारखांचं आहे. फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत, जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. भिंतीवर कॅलेंडर लावा.

पदवीच हवी असेल तर देवनारच्या टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम नावाजलेला आहे. पण तो २ वर्षांचा, पूर्णवेळ. नोकरी सोडावी लागेल.

आणि हो, मालकांकडून आजच लेखी घ्या: किती रुपयांपर्यंतची खरेदी तुम्ही त्यांना न विचारता मंजूर करू शकता. माझ्या पहिल्या नोकरीत हे ठरलंच नव्हतं. व्हीलचेअरचं चाक बदलायला मी ११ दिवस सही मागत फिरत होतो.