दहावीनंतर फिटरचा ट्रेड करून युनियन असलेल्या कारखान्यात कायम नोकरी मिळते का?

आपण विचारले आहे की मुलाने दहावीनंतर आयटीआयला जावे का, युनियन असलेल्या कारखान्यात त्याला कायम नोकरी मिळेल का, आणि सुरुवातीला युनियनपासून लांब राहण्याचा नातेवाइकांचा सल्ला योग्य आहे का. शेवटचा प्रश्न वाचून लिहायला बसलो, कारण हाच सल्ला मला थोरल्या भावाने 1994 साली दिला होता आणि मी तो पाळला होता.

फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड आणि एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप संपवून मी भोसरीच्या एका कारखान्यात टेम्पररी म्हणून लागलो. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवे पत्र, असा क्रम होता. बारा महिन्यांत सलग 240 दिवस भरले की टेम्पररी कामगाराला कायम करण्याची तरतूद तेव्हाच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींच्या नियमांत, होती आणि सात महिने म्हणजे जेमतेम 210 दिवस, हे गणित मला युनियनच्या कमिटीवरील एका ज्येष्ठ फिटरने जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ‘हजेरीची कार्डे आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेव, युनियनची वर्गणी भर आणि यादीत नाव दे, या करारात आम्ही टेम्पररी पोरांचा मुद्दा लावून धरणार आहोत,’ असे ते म्हणाले.

दादा डिप्लोमा करून दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर झाला होता. ‘कायम होईपर्यंत त्या लोकांजवळ उभाही राहू नकोस, साहेबांच्या नजरेत येशील,’ असे त्याने बजावले. मी नाव दिले नाही. पुढच्या वर्षी युनियन आणि कंपनीत वेतन करार झाला, त्यात यादीतल्या नऊ जणांना कायम करण्यात आले, आणि नाव न दिलेल्या आम्हां चौघांना ब्रेकनंतर पत्रच आले नाही. कायम होण्यासाठी मला, दुसऱ्या कारखान्यात, आणखी सहा वर्षे लागली.

दादा आजही म्हणतो की काम चांगले असते तर त्यांनी ठेवून घेतले असते. हे चूक आहे. माझ्या कामाची एकही तक्रार नव्हती. पत्र न आल्याची बातमी सांगताना सुपरवायझरनेही ते मान्य केले. हात चांगला असला की बोलावणे येते, पण कायम कोणाला करायचे हे करारात ठरते, आणि तिथे आपल्यासाठी बोलणारे कोणीतरी असावे लागते.

ट्रेड फिटर घ्या किंवा इलेक्ट्रिशियन, दोन्हींना काम आहे. अ‍ॅप्रेंटिसशिप कायद्याच्या (1961) दृष्टीने अ‍ॅप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे ते वर्ष नोकरीत धरले जाईल या भरवशावर राहू नका. काही ठिकाणी युनियन फक्त कायम कामगारांपुरतेच पाहते, हेही मी अनुभवले आहे, आणि ठेकेदारामार्फत घेतलेल्या मुलाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावरच नसते. म्हणून मुलाला कारखान्यात घालण्यापूर्वी एकदा शिफ्ट सुटण्याच्या वेळी गेटवर जा आणि कायम कामगारांना नव्हे, टेम्पररी मुलांना विचारा की गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर लागलेल्यांपैकी किती जण अजून आत आहेत.