शिधा भरण्याचा दिवस: नवख्या पदयात्रीसाठी

तुम्ही पहिल्याच प्रयत्नात सातपुड्यातील आठवडाभराच्या पायी प्रवासाचा विचार करीत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र त्याआधी थंडीत नागपूर ते रामटेक हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत चालून पाहावे आणि वाटेत कामठी किंवा कन्हान येथे शिधा भरण्याचा, म्हणजे पुढच्या टप्प्याचे खाण्याचे सामान विकत घेण्याचा, सराव करावा.

नवख्या माणसाची खरी चूक बाजारातच होते. भुकेल्या पोटी दुकानात शिरल्यास गरजेच्या दुप्पट सामान घेतले जाते आणि पुढचे सगळे चढ त्या ओझ्यासह चढावे लागतात. म्हणून गावात शिरताच हा क्रम पाळावा:

१. फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावावी.
२. साधे, हलके जेवण करावे.
३. पुढच्या मुक्कामापर्यंतचाच शिधा, म्हणजे पोहे, सातूचे पीठ, शेंगदाणे, गूळ, यादीप्रमाणे घ्यावा आणि वरची वेष्टने तिथेच कचरापेटीत टाकावीत.
४. पाणी सर्वांत शेवटी भरावे, कारण एक लिटर पाणी म्हणजे पाठीवर एक किलो वजन.

गावातला आराम पाय जड करतो; त्यामुळे निघण्याची वेळ आधीच ठरवावी आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठता येईल इतकेच अंतर त्या दिवशी ठेवावे. नवे बूट घालून निघू नये. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून परवानगीशिवाय पायवाट धरणे तर पूर्णपणे टाळावे. तंबू, चूल यांच्या निवडीबद्दल रामटेकहून परतल्यावर अवश्य विचारा.