आठ वर्षांच्या मुलीला कोणता नाच शिकवावा? आणि 'लावणी सोडून काहीही' या अटीबद्दल

मुलगी आठ वर्षांची. घराजवळ कथकचा एक क्लास, भरतनाट्यमचा एक आणि एक 'बॉलिवूड-वेस्टर्न'वाला. यांत फरक काय आणि सुरुवात कशाने करावी, असं तुम्ही विचारलंय. इथपर्यंत ठीक. पण पुढे कंसात लिहिलंय, "सासूबाईंचं म्हणणं, लावणी सोडून काहीही चालेल." मी उत्तर लिहायला बसले ती त्या कंसामुळे. बाकीचं ओघात येईल तसं येईल.

आधी फरक उरकते. कथकमध्ये गुडघे सरळ. ताठ उभं राहायचं, तळवा सपाट आपटायचा, चक्कर टाचेवर घ्यायची आणि तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा करून, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) अचूक येऊन थांबायचं. भरतनाट्यममध्ये अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं आणि जवळजवळ सगळा नाच तिथूनच करायचा. बघायला रेखीव, करताना मांड्यांची वाट. ओडिसीत त्रिभंग, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेलं उभं राहणं, कुचिपुडीत पितळी थाळीच्या काठावर पाय ठेवून नाचतात, मोहिनीअट्टममध्ये झुलणं, कथकलीत तर नुसतं रंगायलाच तास जातात. मणिपुरी आणि सत्रियचे क्लास आपल्याकडे सहज मिळायचे नाहीत, त्यामुळे ते सोडा. संगीत नाटक अकादमी हे आठ प्रकार शास्त्रीय मानते. त्यातलं सत्रिय २००० साली यादीत आलं. म्हणजे ही यादी आभाळातून पडलेली नाही, माणसांनी बसून केलेली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. बॉलिवूडवाला क्लास व्यायाम म्हणून उत्तम.

आता माझं.

मी पुण्यात नऊ वर्षं कथक शिकले. आमच्या ताई कडक होत्या, पण शिकवायच्या छान; माझे पाय आज जे आहेत ते त्यांचेच, हे मी कधी नाकारलेलं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला साताऱ्याला मावशीकडे गेले होते. तिला बैठकीच्या लावणीच्या कार्यक्रमाचे पास मिळाले होते. मला फडावरची लावणी तेवढी माहीत होती, तीही टीव्हीवरची. इथे पासष्टीच्या एक बाई आल्या, एक पाय दुमडून बसल्या आणि तासभर उठल्याच नाहीत.

एक ओळ त्यांनी वीसेक मिनिटं धरली. अर्थ एवढाच की रात्र सरत आली आणि तुम्ही अजून आला नाहीत. पहिल्यांदा रागाने, मग काळजीने, मग संशयाने, मग शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने. शेवटी तर त्यांनी काहीच केलं नाही. दाराकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

मला तेव्हा अष्टनायिका, म्हणजे प्रेमातल्या बाईच्या शास्त्रात सांगितलेल्या आठ अवस्था, तोंडपाठ होत्या. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, सगळ्या. व्याख्या लिहून परीक्षेत मार्क मिळवले होते. बाईंनी त्यातल्या निदान चार तरी एका ओळीत दाखवल्या, आणि नंतर बोलताना कळलं की ही नावं त्यांनी ऐकलेलीसुद्धा नव्हती.

मग वर्षभर दर रविवारी स्वारगेटहून साताऱ्याची एसटी. पहिल्या दिवशी मी हौसेने तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, करून दाखवला, सोळा मात्रांच्या तीनतालात, चौपट लयीपर्यंत. बाईंनी पूर्ण बघितला आणि म्हणाल्या, "पायाचं लई शिकलीस की. आता गप बस बघू." त्यानंतर दोन महिने मला उभं राहू दिलं नाही. नुसता पदर, मान आणि डोळे. उभं केल्यावर मी सवयीने मात्रा मोजायला लागले, तर ओरडल्या, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? ढोलकीवाल्याच्या खांद्याकडं बघ." खरंच, थाप पडायच्या आधी त्याचा खांदा सांगतो. सोळा मात्रांचा हिशेब पक्का असूनही हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. क्लासमध्ये ताल धरायला हार्मोनियमची एकच धून फिरत राहते, तो लेहरा; रेकॉर्ड केलेल्या लेहऱ्याला खांदा नसतो.

त्या वर्षी सोसायटीच्या गणेशोत्सवात मी लावणी केली. नऊवारी, पायांत चाळ, साताऱ्याहून ढोलकीवाले काका आलेले. जेष्ठ नागरिक संघाने तर वन्समोअर दिला. कुणीतरी व्हिडिओ ताईंपर्यंत पोचवला.

पुढच्या मंगळवारी क्लासला गेले, घुंगरू बांधले, रांगेत उभी राहिले. ताई म्हणाल्या, "घुंगरू काढ. इथे नृत्य शिकवतात, नाच नाही." वीस मुली होत्या. एका पायात शंभर घुंगरू, दोरीला गुंफलेले, वेढे घेत घट्ट बांधलेले. ते उलगडायला तीन-चार मिनिटं लागतात. लेहरा चालूच होता, तो कुणी बंद केला नाही. मी खाली बसून वेढे सोडवतेय आणि वर हार्मोनियम वाजतेय. कथकच्या विशारद परीक्षेच्या फॉर्मवर ताईंची सही मिळाली नाही, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गुरूंकडून बसले आणि पास झाले.

तेव्हा ताईंना उत्तर देता आलं नव्हतं. आता देते.

ताई, कथक कुठून आलं? देवळातल्या कथेकऱ्यांपासून, हे पहिल्या परीक्षेत आपण लिहायला लावता. पण लखनौचं जे नजाकतीचं कथक आपण शिकवता, ते अवधच्या नवाब वाजिद अली शाहच्या दरबारात वाढलं आणि तवायफांच्या कोठ्यांवर जगलं. ठुमरीवर बसून भाव सांगण्यात लखनौ घराण्याच्या शंभू महाराजांचा हात धरणारा नव्हता, असं आपणच सांगायचात. ते बसले की अभिनय, आणि साताऱ्याच्या बाई बसल्या की नाच?

भरतनाट्यमचं तर आणखी स्पष्ट आहे. शंभरेक वर्षांपूर्वी त्याला सदिर म्हणत आणि ते देवदासी करत. भल्या घरातल्या मुलीने त्याचं नाव काढणं मुश्कील होतं. मग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ते शिकून घेतलं, १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था काढली, वेशभूषा बदलली, शृंगार सौम्य केला. १९४७ मध्ये मद्रास सरकारने देवदासी प्रथा कायद्याने बंद केली. नाच मद्रासमधल्या मैलापूरच्या घराघरांत पोचला, आणि ज्या घराण्यांनी तो पिढ्यानपिढ्या सांभाळला त्यांच्या मुली बहुतेक मंचाबाहेर गेल्या. भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालासरस्वती देवदासी परंपरेतल्या. शृंगार काढून घेतला तर उरतं काय, हा त्यांचा वाद शेवटपर्यंत राहिला. लावणीबद्दल हाच वाद मी घालते तेव्हा लोकांना तो उथळ वाटतो.

त्यातून मराठी माणसाने भरतनाट्यम 'तिकडचं' म्हणणं मला गमतीचं वाटतं. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला पहिल्यापासून शेवटपर्यंतचा क्रम घडवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरला मराठ्यांच्या दरबारात होते. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८ ते १८३२) नावावर तर नाचासाठी मराठीत रचलेली निरूपणं, म्हणजे नाचून सांगायच्या पदमाला, आहेत. १८८० मध्ये तंजावरची राजकन्या सयाजीराव गायकवाडांशी लग्न होऊन बडोद्याला आली, तेव्हा आंदणाबरोबर नर्तकीही आल्या. हे सासूबाईंना सांगा, आवडेल.

म्हणजे शास्त्रीय आणि लोकनृत्य यांच्यातली रेघ पावलांत नाही, नाचणारीच्या घराण्यात आहे. पिढ्यानपिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या कोल्हाटी समाजातल्या बाईने केलं की बारी, आपल्या मुलीने अरंगेत्रम (मंचावरचा पहिला जाहीर कार्यक्रम) केलं की हॉल बुक करून जेवण. लावणीच्या थोर कलावंत यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर.

आता एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाणारी, तीही सांगते. बाईंची नात माझ्याच वयाची होती. नर्सिंगला होती. मी एकदा बाईंना म्हटलं, तिला का नाही शिकवलंत? बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू नाचून घरी जातीस. आमची पोरगी नाचली की लोक तिच्या घरी येत्यात." त्यानंतर 'लावणीला प्रतिष्ठा' वगैरे भाषण मी त्यांच्यासमोर कधी केलं नाही. तुमच्यासमोर करतेय, कारण तुमची मुलगी नाचून घरीच येणार आहे.

बरं, तुमचा प्रश्न. कथक की भरतनाट्यम, यावर इतकं डोकं खाऊ नका. जो क्लास चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि जिथे बाई स्वतः समोर उभ्या राहून शिकवतात, मोठ्या मुलीच्या हवाली करून फोनवर नसतात, तो घ्या. एक दिवस बसून बघा. जमीन बघा: काँक्रीटवर थेट फरशी असेल तर रोज तासभर पाय आपटून गुडघे आणि पिंढऱ्या बोलतात, लाकडी तळ असेल तर सोन्याहून पिवळं. महिन्यातून एकदा तरी खरा तबलजी किंवा मृदंगम वाजवणारा येतो का, विचारा. पहिल्याच वर्षी परीक्षेला बसवणाऱ्यांपासून लांब राहा. घुंगरूही लगेच घेऊ नका, दुकानदार शंभराची जोडी गळ्यात मारतात. लहान मुलीला पंचवीस पुरेत.

मी भरतनाट्यम शिकलेले नाही, त्यामुळे अरैमंडीचा आठ वर्षांच्या गुडघ्यांवर काय परिणाम होतो ते तिथल्या शिक्षिकेलाच विचारा. मुलगी एका जागी टिकत नसेल तर कथकची चक्करं तिला आवडतील, एवढं माझ्या अनुभवावरून सांगते.

लावणी आठव्या वर्षी मीही शिकवणार नाही. कारण सासूबाईंचं नाही, माझं वेगळं आहे. त्या ओळीतलं दार आठव्या वर्षी कळत नाही. टीव्हीच्या स्पर्धांत इवल्या मुली डोळा मारतात ते मला बघवत नाही. तिथे ताई आणि मी एकाच बाजूला आहोत, दुर्दैवाने. अठरा-एकोणीसची झाल्यावर तिने मागितली, तर मात्र अडवू नका.

आणि हो, गेल्या वर्षी ताईंच्याच क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाचा व्हिडिओ एका मैत्रिणीने पाठवला. शेवटचा आयटम 'कथक-लावणी फ्यूजन'. बारा मुली, नऊवाऱ्या, ढोलकी रेकॉर्ड केलेली. मी दोनदा बघितला. सम दोन्ही वेळा अर्ध्या मुलींची चुकली.

सासूबाईंना जाताजाता एवढं विचारा, सुलोचना चव्हाणांच्या किती लावण्या पाठ आहेत. आकडा इथे कॉमेंटमध्ये टाका, मी वाट बघतेय.